२४ ÷ ४(१+२) : उत्तर २ की १८? आणि मुलीचे गुण कापले ते योग्य की अयोग्य?

पाटीपेन्सिल · रविवार, सकाळी १०:१५

माझी मुलगी आठवीत आहे. घटक चाचणीत उजळणीचा प्रश्न होता : २४ ÷ ४(१+२) = किती? तिनं उत्तर लिहिलं २. बाईंनी लाल पेनानं फुली मारून शेजारी १८ लिहिलं. दोन गुण गेले. दोन गुणांचं काही नाही, पण पोरगी रडकुंडीला आली होती, कारण तिला आपलं कुठे चुकलं तेच कळेना.

मी तिला शेजारी बसवून विचारलं, कसं सोडवलंस? म्हणाली, "आधी कंस, १+२ म्हणजे ३. मग ४(३) हे एकत्र आहे, म्हणजे १२. २४ ला १२ नं भागलं, २." एकत्र आहे असं का म्हणतेस, तर तिनं बीजगणिताची वही उघडून दाखवली. तिथे बाईंनीच फळ्यावर लिहून दिलेलं उदाहरण होतं : १२क्ष ÷ ४क्ष = ३. "आई, इथे ४क्ष एकच पद आहे असं बाई म्हणाल्या. मग ४ च्या पुढे क्ष ऐवजी कंस आला तर ते सुटं कसं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीच करून बघा. क्ष = ३ धरा. चाचणीतल्या नियमानं डावीकडून गेलं तर १२ × ३ ÷ ४ × ३ = २७ येतं, आणि वहीत उत्तर आहे ३. दोन्ही एकाच बाईंनी शिकवलंय, एकाच महिन्यात.

शाळेत जाऊन भेटले. उत्तर मिळालं, "बॉडमासचा नियम आहे, त्यात वाद नाही." मला वाद घालायचाही नाही. पण माझं मत असं झालंय की मुलीनं चूक केलेली नाही, प्रश्नच नीट लिहिलेला नाही. इथे गणिताची जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारते.


खडूफळा · रविवार, सकाळी ११:०२

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर १८. कंचेभागुबेव : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कंस सुटला की २४ ÷ ४ × ३ उरतं. भागाकार आणि गुणाकार डावीकडून जसे येतील तसे. सहा त्रिक अठरा.

मुलगी हुशार आहे हे तिच्या प्रश्नावरूनच कळतं. पण नियम प्रत्येकासाठी वेगळा झाला तर वर्ग चालवायचा कसा?


लंबक · रविवार, दुपारी १२:३०

मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि माझ्या विषयात उत्तर २ येतं. गुरुजींचा मान राखून सांगतो.

आमच्या पुस्तकांत ओळीत लिहिताना एच/२पाय (एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक) असं सर्रास छापलेलं असतं. आजवर एकाही विद्यार्थ्यानं त्याचा अर्थ 'एच भागिले दोन, गुणिले पाय' असा घेतलेला मी पाहिला नाही. २पाय हे सगळं छेदात, हे सगळ्यांना माहीत असतं. वायूचा स्थिरांक ८.३१४ जूल/मोल केल्विन असा लिहितात. तिथेही मोल आणि केल्विन दोन्ही छेदात असतात. डावीकडून उजवीकडे काटेकोर वाचलं तर केल्विन अंशात जाईल आणि सगळं एकक बिघडेल.

हे नुसत्या सवयीवर सोडलेलं नाही. फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत तिरकी रेघ वापरताना गुणाकार भागाकाराच्या आधी धरावा असा क्रम छापलेला आहे. म्हणजे जगातले भौतिकशास्त्रज्ञ एका नियमानं लिहितात आणि आठवीची चाचणी दुसऱ्या नियमानं तपासली जाते. मधल्या मध्ये मूल सापडतं.


खडूफळा · रविवार, दुपारी १:१०

लंबक सर, एच/२पाय वाचणारा माणूस एमएस्सी झालेला असतो. त्याला काय छेदात जायचं ते विषयामुळे कळतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलाला विषय नसतो, नुसते आकडे असतात. पोलीस भरतीत, तलाठीच्या परीक्षेत, शिष्यवृत्तीत त्याला चार पर्याय दिसणार आणि त्यातलं एकच वर्तुळ काळं करायचं असणार. तिथे 'दोन्ही बरोबर' असं वर्तुळ नसतं. माझा एक विद्यार्थी एका गुणानं भरतीतून गेला आहे. म्हणून मी नियमाच्या बाबतीत कडक आहे, हट्ट म्हणून नव्हे.


पाटीपेन्सिल · रविवार, दुपारी १:४५

गुरुजी, हे मला पटतं. माझ्या भावानेही भरतीची तयारी केली आहे, तो एक गुण काय असतो ते घरात पाहिलंय. पण म्हणूनच प्रश्न काढणाऱ्यानं जास्त जबाबदारीनं लिहायला नको का? २४ ÷ ४ × (१+२) लिहिलं असतं तर माझ्या मुलीनं १८ च लिहिलं असतं. तिनंच मला तसं सांगितलं. मधली फुली गाळली म्हणून ती अडखळली.


अंशछेद · रविवार, दुपारी ३:२०

धागा वाचून राहवलं नाही. गणिताचा इतिहास हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

हा वाद फेसबुकवर जन्मलेला नाही. २०११ मध्ये ६÷२(१+२) आणि २०१९ मध्ये ८÷२(२+२) जगभर फिरलं, तेव्हापासून तो सगळ्यांच्या तोंडी झाला एवढंच. १९१७ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली या मासिकात एन. जे. लेनेस या गणितज्ञाने नेमकी पाटीपेन्सिल यांच्या मुलीची तक्रार मांडली होती. पुस्तकं नियम शिकवतात डावीकडून उजवीकडे, आणि तीच पुस्तकं ९अ^२ ÷ ३अ (^ म्हणजे घात) चं उत्तर ३अ देतात. नियम खरोखर पाळला तर उत्तर ३अ^३ यायला हवं. त्याचं म्हणणं असं की नियम छापलेला एक आहे आणि प्रत्यक्ष लिहिण्याची रीत दुसरी आहे. आठवीतल्या मुलीला ते स्वतःहून दिसलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पुढे १९२८ साली फ्लोरियन काजोरीने गणितातल्या चिन्हांचा मोठा इतिहास लिहिला. त्यातही त्याने नोंद केली आहे की एकाच पदात ÷ आणि × दोन्ही आली तर आधी कुठलं करायचं यावर एकमत नाही.

आता या ÷ चिन्हाचंच बघा. भागाकारासाठी ते पहिल्यांदा छापलं गेलं १६५९ साली, झुरिकमध्ये, योहान हाइनरिश रान याच्या बीजगणिताच्या पुस्तकात. त्याआधी युरोपात तेच चिन्ह वजाबाकीसाठी वापरलं जात होतं, आणि नॉर्वे-डेन्मार्ककडे विसाव्या शतकातही वजाबाकीसाठी दिसायचं. लाइबनित्सने भागाकाराला दोन टिंबं वापरली, जर्मनीत आजही तीच चालतात. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या गणिती चिन्हांच्या मानकात, आयएसओ ८००००-२ मध्ये, ÷ हे चिन्ह वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तिरक्या रेघेबद्दलही त्यांची सूचना आहे : एकाच ओळीत तिरक्या रेघेनंतर पुन्हा गुणाकार-भागाकार येत असेल तर कंस घाला.

गुरुजी, एक नम्र प्रश्न. आपण बॉडमास म्हणतो, त्यात भागाकार आधी आणि गुणाकार नंतर. अमेरिकेत पेमडास म्हणतात, त्यात गुणाकार आधी. अक्षरांचा क्रम हाच नियम असता तर दोन देशांत दोन गणितं झाली असती. तसं होत नाही, कारण दोन्हीकडे त्या दोघांची पायरी एकच मानली आहे. मुलांना हे आपण सांगतो का?


खडूफळा · रविवार, सायंकाळी ५:००

मी सांगायचो. सगळे सांगत नाहीत, हे खरं आहे. त्याचा फटका भागाकारापेक्षा वजाबाकीत जास्त बसतो. १० − ३ + २ दिलं की निम्मा वर्ग उत्तर ५ काढतो, कारण कंचेभागुबेव मध्ये 'बे' आधी आणि 'व' नंतर. ३ + २ = ५, १० − ५ = ५. बरोबर उत्तर ९ आहे, आणि इथे काही वाद नाही.

गंमत अशी की 'बेरीज आधी' सुद्धा चालतं, जर मुलाला चिन्ह संख्येला चिकटलेलं आहे हे कळलं असेल तर. १० आणि २ मिळवायचे, १२ झाले. मग उणे ३. उत्तर ९. मी मुलांना सांगायचो, संख्येला तिच्या डावीकडचं चिन्ह बोट धरून घेऊन जायला लावा. ते बोट सोडलं की चूक.


झुंजूमुंजू · रविवार, सायंकाळी ६:१२

गुरुजी, ते बोट धरण्याचं उद्या माझ्या मुलाला सांगते. तीच चूक करतो, दरवेळी.


अर्धविराम · रविवार, रात्री ८:४०

मी बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. यंत्रं काय करतात ते सांगतो, कारण पालकांचा शेवटचा दाखला नेहमी 'कॅल्क्युलेटरवर करून बघ' असा असतो.

गूगलच्या शोधपट्टीत ८÷२(२+२) टाका. ते आपणहून (८ / २) × (२ + २) असं लिहून १६ देतं. कॅसिओच्या क्लासविझ मालिकेतल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ६÷२(१+२) दाबा. तो पडद्यावर स्वतःच एक कंस वाढवतो, ६÷(२(१+२)), आणि १ देतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ मध्ये फुली न लिहिलेला गुणाकार वरच्या पायरीवर होता, टीआय-८३ मध्ये तो भागाकाराच्या बरोबरीला आणला. एकच कंपनी, लागोपाठची दोन मॉडेलं, दोन उत्तरं. म्हणून यंत्राला पंच नेमू नका. यंत्र बनवणाऱ्यानंही कुठला तरी एक पक्ष निवडलेला असतो.

उणे चिन्हाचं तर याहून अवघड आहे. एक्सेलमध्ये =-३^२ टाकलं तर ९ येतं. पायथन या संगणकभाषेत घातासाठी ** लिहितात, तिथे तेच -३**२ लिहिलं तर -९. माझ्याच एका कामात एक्सेलमधलं सूत्र पायथनमध्ये आणताना यावर दोन दिवस गेले, कारण आकडे सगळे बरोबर दिसत होते, फक्त चिन्ह उलटं होतं. २^३^२ एक्सेलमध्ये ६४ आणि पायथनमध्ये, म्हणजे २**३**२, ५१२.

मला सगळ्यात जास्त आवडते ती जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकभाषेची रीत. तिथे -३**२ लिहिलं तर ते उत्तरच देत नाही. चूक दाखवतं आणि कंस घालायला लावतं. पायथनही २४/४(१+२) ला उत्तर देत नाही, कारण ४( दिसलं की त्याला वाटतं ४ नावाच्या फंक्शनला हाक मारली आहे. पाटीपेन्सिलताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाला मी हेच उत्तर दिलं असतं : कंस घाला, मग सोडवतो.


गल्लाकिराणा · रविवार, रात्री ९:२५

माझं किराणा दुकान आहे. आमच्या गल्ल्यावरचा साधा कॅल्क्युलेटर बॉडमास जाणत नाही. ५० चा तेलाचा पाऊच आणि २० चे तीन बिस्कीटपुडे, ५० + २० × ३ असं दाबलं तर २१० दाखवतो. होतात ११०. नवीन पोरगा कामाला ठेवला की पहिल्या दिवशी हेच शिकवावं लागतं : २० × ३ एम प्लस, मग ५० एम प्लस, मग एमआरसी. मोबाइलवर तेच दाबलं की ११० बरोबर येतं, त्यामुळे आजकालच्या पोरांना आधी पटतच नाही की गल्ल्यावरचं यंत्र बिघडलेलं नाही.


चाळीसगावकर · रविवार, रात्री १०:५०

शेजारी-शेजारी लिहिणं म्हणजे गुणाकार, हे आपण किती सहज धरून चालतो. पण आमच्या तालुक्यातल्या पाटणादेवीला जो शिलालेख आहे, तो भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद त्यात आहे, यादव सिंघणाच्या काळातली. त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्ताला 'या' लिहितात, यावत्तावत् चं पहिलं अक्षर. नुसत्या संख्येला 'रू', रूप चं. आपण ५क्ष + ३ लिहितो ते तिथे 'या ५ रू ३'. मध्ये अधिक चिन्ह नाही. म्हणजे शेजारी लिहिलं की बेरीज! उणे असेल तर त्या संख्येच्या डोक्यावर टिंब. आणि दोन अव्यक्तांचा गुणाकार करायचा असेल तर मुद्दाम 'भा' लिहायचं, भावित चं. गुणाकाराला खूण लागायची, बेरजेला लागायची नाही.

आजही आपण हे करतोच की. २½ मध्ये २ आणि अर्धा शेजारी आहेत आणि अर्थ आहे दोन अधिक अर्धा. २क्ष मध्ये अर्थ आहे दोन गुणिले क्ष. आणि २३ मध्ये तर दोन दहा अधिक तीन. एकाच शेजाराचे तीन अर्थ, आणि सहावीतलं पोर तिन्ही वाचतं. लहानपणी मला २½ × ४ चं उत्तर ४ काढल्याबद्दल छडी बसली होती. मी दोन गुणिले अर्धा गुणिले चार केलं होतं.


साडेतीनमात्रा · सोमवार, सकाळी ७:३०

चाळीसगावकर, तुमच्यामुळे रात्रभर डोक्यात चक्र फिरलं. मी मराठीची शिक्षिका, गणिताची नाही, पण बोलण्यातही क्रियांचा क्रम असतो की!

'साडेपाचशे' म्हणजे किती? ५५०. कुणीही ५००.५ म्हणत नाही. म्हणजे 'साडे' आधी पाचाला चिकटतं, साडेपाच होतात, मग त्याला शंभरानं गुणायचं. 'पावणेदोनशे' म्हणजे १७५, दोनशेतून पाव वजा नाही. 'पाऊणशे' ७५, 'सव्वाशे' १२५, 'सव्वातीनशे' ३२५. न दिसणारा कंस आपण सगळेच एका जागी घालतो, आणि तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करणाऱ्या पिढीला तो कंस जिभेवरच मिळाला.

आणि 'पाचशे' मध्ये पाच आधी, शे नंतर, अर्थ गुणाकार. 'एकशे पाच' मध्ये शे आधी, पाच नंतर, अर्थ बेरीज. डावीकडचा शेजारी गुणतो, उजवीकडचा मिळवतो.

माझी इंग्रजी माध्यमातली भाची सव्वातीनशे ऐकून तीनशे आणि वर काहीतरी असं लिहायला लागते. तिला आपण चूक म्हणतो, पण तिला तो कंस कुणी ऐकवलेलाच नाही. पाटीपेन्सिल यांच्या मुलीचं उलट झालंय. तिनं कंस ऐकला आणि म्हणून गुण गेले.


लंबक · सोमवार, सकाळी ९:०५

साडेतीनमात्रा, हे अप्रतिम आहे. साडेपाचशे उद्या वर्गात वापरतो.


रुग्णसेवक · सोमवार, दुपारी २:१५

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. आमच्याकडे चार्टवर मिग्रॅ/किलो/दिवस असं लिहायची पद्धत आहे, एका ओळीत दोन तिरक्या रेघा. ४० मिग्रॅ/किलो/दिवस, तीन वेळात विभागून. १२ किलोचं बाळ असेल तर दिवसाला ४८०, एका वेळेला १६०. इथे नुसत्या रेघा मोजून चालत नाही. शेवटचा शब्द 'दिवस' आहे की 'डोस', यावर तिपटीचा फरक पडतो. मी ड्युटी दुसरीकडे सोपवताना हे कधीही चिन्हांत सांगत नाही. 'दर किलोमागे, पूर्ण दिवसाला मिळून' असं तोंडानं म्हणते आणि समोरचीकडून परत म्हणवून घेते.


खडूफळा · सोमवार, दुपारी ४:४०

काल रात्री मी माळ्यावरून जुनी टिपणं काढली. विचार करत होतो की आपल्या कंचेभागुबेव मध्ये तो 'चे' कशासाठी ठेवला आहे. आम्ही मुलांकडून उदाहरणं करून घ्यायचो :

२४ ÷ ३ × ४ = ३२
२४ ÷ ३ चे ४ = २

दुसऱ्यात '३ चे ४' म्हणजे १२, ते भागाकाराच्या आधी, मग २४ भागिले १२. 'चे' हा गुणाकारच, पण घट्ट बांधलेला. सुट्या फुलीपेक्षा एक पायरी वर. चौतीस वर्षं हे शिकवलं आणि ताईंच्या मुलीचा प्रश्न वाचताना ते जोडलं गेलं नाही.

त्या पोरीनं ४(१+२) हे '४ चे ३' असं वाचलं. मग २ हे उत्तर आमच्याच नियमातून निघतं. प्रश्न काढणाऱ्यानं ते '४ × ३' असं वाचलं, मग १८ निघतं. कंसाच्या आधी काही न लिहिलेलं असेल तिथे 'चे' धरायचं की फुली, हे आमच्या नियमात लिहिलेलं नाही. मी ते फुली धरत आलो. भरतीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलाला मी आजही सांगेन की फुली धर, कारण तिथली उत्तरसूची बहुतेक तशीच निघते. पण घटक चाचणीत, बाईंच्या हातात लाल पेन असताना, त्या पोरीचे दोन गुण कापायला नको होते. पायऱ्या लिहिल्या होत्या ना तिनं?


पाटीपेन्सिल · सोमवार, सायंकाळी ६:३०

हो गुरुजी. तिन्ही पायऱ्या. कंस, मग १२, मग २. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. 'चे' चं वाचून म्हणाली, "मग मी चुकले नव्हते ना?" मी म्हटलं नाही.


अर्धविराम · सोमवार, सायंकाळी ७:१५

गुरुजी, यात एकच अडचण दिसते. 'चे' तोंडी सांगायला सोपं, पण टंकलेल्या प्रश्नपत्रिकेत आणि मोबाइलवर सगळं एका ओळीत येतं, म्हणून तर ÷ आणि / चा सुळसुळाट झाला. वहीत मूल अपूर्णांक लिहितं तेव्हा आडवी रेघ मारतं. रेघेच्या वर काय, खाली काय, हे डोळ्यांना दिसतं. ती रेघ स्वतःच एक कंस आहे. वाद सुरू झाला ती रेघ ओळीत बसवण्याच्या घाईत.


अंशछेद · सोमवार, रात्री ८:००

अगदी. आणि वरच्या आडव्या रेघेने पदं बांधायची पद्धत कंसाइतकीच जुनी आहे. वर्गमूळाच्या चिन्हाची लांब रेघ ही तीच. ती किती लांब ओढली यावर मुळात काय-काय येतं ते ठरतं. माझ्या स्वतःच्या वहीत ९ + १६ च्या वर्गमूळाची रेघ ९ वरच थांबली होती, आणि उत्तर ५ ऐवजी १९ आलं होतं. मास्तरांनी काही न बोलता नुसती पेन्सिलीनं ती रेघ १६ पर्यंत ओढली. ते मी अजून विसरलेलो नाही.


पाटीपेन्सिल · बुधवार, रात्री ९:५०

आज पुन्हा शाळेत गेले होते. या धाग्यातलं गुरुजींचं 'चे' आणि लेनेसचं उदाहरण कागदावर लिहून नेलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. गुण वाढवता येणार नाहीत, नोंदी वर गेल्यात, म्हणाल्या. मी त्याचा आग्रह धरला नाही. पण दुपारी त्यांनी मुलीला फळ्यापाशी बोलावलं आणि तोच प्रश्न दोन प्रकारे लिहायला सांगितला. तिनं एकदा २४ खाली आडवी रेघ मारून छेदात ४(१+२) लिहिलं, आणि एकदा २४ खाली रेघ मारून छेदात फक्त ४, बाजूला कंस. वर्गानं दोन्ही सोडवली. २ आणि १८. घरी येऊन मला तिनं हे चालता-चालता सांगितलं, दप्तर न काढता.


खडूफळा · बुधवार, रात्री १०:२०

ताई, पोरीला माझा आशीर्वाद सांगा.

मी निवृत्तीनंतर गावातल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीच्या सरावाचे कागद काढून देतो. उद्याच्या कागदावर हे चार प्रश्न घेतले आहेत. सकाळी झेरॉक्सला द्यायचं आहे, एकदा नजर टाका.

१) ३६ ÷ (४ × ३)
२) (३६ ÷ ४) × ३
३) ३६ ÷ ४ चे ३
४) ३६/४(२+१)


अर्धविराम · बुधवार, रात्री १०:३१

गुरुजी, पहिले तिन्ही स्वच्छ आहेत. चौथ्यात तिरकी रेघ आणि लगेच कंस आला आहे.


खडूफळा · बुधवार, रात्री १०:४४

खरंय. बोटांची जुनी सवय. चौथा टाइप करत नाही, कागदावर जागा मोकळी सोडतो आणि रेघ पट्टीनं हातानंच मारतो.